भाड्यातून हप्ता सुटेल? दुसरा फ्लॅट घेताना या चुका टाळा

पुण्यातल्या वाकडच्या सेल्स ऑफिसमध्ये मावसभावाने ब्रोशरच्या पाठीवरच हिशेब मांडला. हप्ता ४१,६००, भाडं २०,०००, उरलेले पगारातून. ‘भाडं वाढेलच की!’ हिशेब खोटा नव्हता, अर्धा होता.

फ्लॅट ६० लाखांचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एवढ्या मोठ्या कर्जाला किमतीच्या फार तर ८० टक्के मिळतात, म्हणजे ४८ लाख. बाकी १२ लाख आपले, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटीचे ३ लाख वर लागतात. हातात साडेएकोणीस लाख हवेत. भाऊ ही वरची रक्कम पर्सनल लोनने भागवायला निघाला होता. म्हणजे दोन हप्ते, तेही ताब्याआधी, भाडं शून्य असताना! तेवढे पैसे गाठीला नसतील तर तो फ्लॅट आपला नाही, असं माझं सरळ मत.

ताबा कधी, हे सेल्सवाल्याला विचारू नका, महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या साइटवर बघा. आणि करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागताच येत नाही.

वर्षाचं भाडं बारा नाही, अकरा महिन्यांचं धरा. एक महिना रंगकाम आणि कुलूप यात जातो. मेंटेनन्स वेगळा. नवी करप्रणाली घेतली असेल तर भाड्याहून व्याज जास्त असल्याने कागदावर दिसणारा घराचा तोटा करासाठी पगारातून वजा होत नाही, हेही आधीच पाहून ठेवा.

व्याजदर वाढला आणि हप्ता तेवढाच राहिला, तर खूश होऊ नका. बहुधा मुदत वाढलेली असते. कर्जाचं स्टेटमेंट काढून उरलेले महिने मोजा आणि हप्ता वाढवून मागा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात मधेच जादा रक्कम भरली तरी दंड नाही.

भाडेकरारात मात्र मीच आपटलो. अकरा महिन्यांचाच करार, नोंदणी कशाला, म्हणून ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून मोकळा झालो. महाराष्ट्रात मुदत कितीही असो, करार नोंदवावाच लागतो आणि जबाबदारी मालकाची असते. नोंदवला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. माझा भाडेकरू म्हणाला, ‘काका, पंधराच ठरले होते.’ ठरले होते अठरा. आता करार ऑनलाइन नोंदवतो, अर्ध्या तासाचं काम.

एक राहिलंच. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी हवं तेवढं ना-वापर शुल्क लावू शकत नाही. मर्यादा सेवाशुल्काच्या (मेंटेनन्समधल्या सफाई, सुरक्षा वगैरे खर्चाच्या) १० टक्के. जास्त लावलं तर आधी कमिटीला लेखी द्या, मग सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा.