अपघातानंतर एसटी चालकाने घ्यायची वैद्यकीय काळजी

समोरासमोरच्या धडकेत चालकाची छाती स्टिअरिंगवर आणि गुडघे डॅशबोर्डवर आदळू शकतात, त्यामुळे मोठी जखम दिसत नसली तरी रुग्णालयातून घरी सोडले म्हणजे उपचार संपले, असे मानू नये. डोक्याला मार असल्यास पहिले दोन दिवस घरातील कोणीतरी सतत जवळ राहावे आणि वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे किंवा झटके यांपैकी काहीही दिसताच तडक रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर अधिकच जपावे, कारण मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही आठवड्यांनीही लक्षात येऊ शकतो.

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवलेल्या प्रकरणाची रुग्णालयातील नोंद) क्रमांक एकाच फाइलमध्ये ठेवावेत. कामावरील अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यालाही (पूर्वी कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 खाली, नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 खाली), ज्याची मुदत साधारणपणे दोन वर्षांची आहे, हेच कागद लागतात.

कामावर परतण्याची घाई मात्र मुळीच करू नये. क्लच पूर्ण दाबून धरताना डावा गुडघा थरथरत असेल, दोन्ही आरशांकडे मान वळत नसेल किंवा समोरून येणारे वाहन पाहून छातीत धडधडत असेल, तर हे सारे डॉक्टरांना न संकोचता सांगावे आणि त्यानंतरच फिटनेस प्रमाणपत्र मागावे.