लिगामेंटचं ऑपरेशन पुण्यात ठरलंय? मग ही तयारी

कबड्डीपटूचं एसीएल (गुडघ्याच्या आतलं एक लिगामेंट) तुटलं, पुण्यातली तारीख मिळाली, की घरचे लगेच दवाखान्याची बॅग भरतात. तिथला मुक्काम दोन-चार दिवसांचा. तयारी करायची ती पुढच्या ९ महिन्यांची, कारण त्याआधी मॅटवर उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका बराच जास्त असतो.

ऑपरेशनच्या आधीच फिजिओ गाठा. सूज उतरलेली हवी, गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, मांडीचा पुढचा स्नायू आवळता यायला हवा.

ऑपरेशननंतर व्यायामासाठी पुण्यात राहायला खोली बघताना भाडं नंतर विचारा, आधी जिना बघा. पेठेतल्या जुन्या वाड्याचा अरुंद लाकडी जिना कुबड्या घेऊन चढून दाखवा म्हणजे कळेल. तळमजला किंवा लिफ्ट, कमोड, आणि फिजिओ जवळ. मैदान ओळखीचं म्हणून बालेवाडीला राहायचं आणि व्यायामाला रोज रिक्षाने डेक्कन गाठायचं, हे पाय वाकवून बसता येत नाही तोवर तरी नकोच. पावसाळा असेल तर कुबड्यांचे खालचे रबर नवे घाला; झिजलेलं रबर ओल्या फरशीवर सटकतं.

पलंगाशी जाड टॉवेल ठेवा. त्याची गुंडाळी टाचेखाली घ्यायची, गुडघ्याखाली नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, म्हणून आई ती मायेने सरकवतेच. पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे तो सरळ करताना नाकीनऊ येतात. आईला आधीच सांगून ठेवा. शिवणकामाची टेपही लागेल. गुडघ्याच्या वाटीच्या वर १० सेंटीमीटरवर पेनाने खूण करून दोन्ही मांड्यांचं माप दर आठवड्याला वहीत लिहा. दुखरी मांडी चांगलीच बारीक होते, घाबरू नका.

फाइलमध्ये एमआरआयसोबत ऑपरेशनची नोंद हवी, त्यात ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला स्नायूबंध) कुठला ते असतं. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा असेल तर त्या बाजूच्या जोरकस व्यायामांना फिजिओ उशिरा हात घालतात. डोपिंग चाचणी होणाऱ्या स्पर्धा खेळत असाल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग ते सांध्यात का असेना, २०२२पासून स्पर्धाकाळात बंदीच्या यादीत आहे.

विम्याचे कागद वगैरे आलेच.

शेवटचं, खेळात परतीची अट फिजिओकडून लिहून घ्या. मांडीची ताकद आणि एका पायावरची लांब उडी, दोन्ही चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के. त्याची एक प्रत प्रशिक्षकांना द्या, नाहीतर सहाव्या महिन्यात निवड चाचणीच्या आदल्या दिवशी ‘फक्त दोन चढाया कर’ असा फोन येतोच.