पिक्चर आधी बघून झालाय? मग पुस्तक असं वाचून दाखवा

पोराने पिक्चर आधी बघितला असेल तर पुस्तक हातात घेतल्या घेतल्या तो म्हणतो, "मला माहितीये काय होतं ते." माझ्या भाचीचंही तेच झालं. 'विझर्ड ऑफ ऑझ' वाचायला काढलं तर ती लाल चमचमणारे बूट कधी येतात याचीच वाट बघत बसली, आणि ते काही येईनात, कारण पुस्तकात बूट चांदीचे आहेत. १९३९ च्या पिक्चरमध्ये ते लाल केले कारण टेक्निकलर या तेव्हाच्या रंगीत फिल्मच्या तंत्रात लाल रंग जास्त उठून दिसायचा. हे तिला सांगितलं तशी ती सावरून बसली, "अजून काय काय बदललंय?" आणि पुढचे तीन आठवडे रोज रात्री आम्ही तेच शोधत होतो.

तर सगळ्यात आधी, पिक्चरला नावं ठेवू नका. पोराचा तो लाडका आहे, तुम्ही त्याला वाईट म्हणालात की पोरगं पुस्तकावरच रुसतं. त्याला पिक्चरमध्ये जे नाहीचे तिथे घेऊन जायचं. त्यासाठी पुस्तक तुम्ही स्वतः आधी पूर्ण वाचून काढा आणि असे प्रसंग दिसले की पेन्सिलीने खूण करून ठेवा, एवढी तयारी पुरते.

सुरुवात ऑझपासूनच करा असं मी म्हणेन. एल. फ्रँक बॉमचं हे पुस्तक १९०० सालचं, चाप्टर २४ आणि बहुतेक छोटेच, कॉपीराइट संपलाय त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या साइटवर फुकट मिळतं. मूळ चित्रकार डेन्स्लोची चित्रं असलेली रंगीत आवृत्ती मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात प्रदेश बदलला की चित्रांचा रंगही बदलतो. संक्षिप्त आवृत्ती मात्र घेऊ नका, आपल्याला हवे असलेले प्रसंगच त्यात गाळलेले असण्याची शक्यता जास्त.

पहिलं पान सावकाश वाचा. छोट्या डोरोथीला घरासकट उडवून ऑझ या जादूच्या देशात नेणाऱ्या वादळाची घाई सगळ्यांनाच असते पण त्याआधी अमेरिकेतल्या कॅन्ससचं जे वर्णन आहे ना, ते पिक्चरच्या त्या बिनरंगी सीनपेक्षा कितीतरी आत जातं. जमीन करडी, गवत करडं, घराचा रंग उन्हाने उडून घरही करडं, आणि एम काकू लग्न होऊन आली तेव्हा तरुण, देखणी होती, तर ऊनवाऱ्याने तिच्या डोळ्यांतली चमक आणि गालांवरची लाली पण नेली. अनाथ डोरोथी तिथे राहायला आली आणि खळखळून हसली की काकू दचकून किंचाळायची, छातीवर हात ठेवायची, एवढी तिला हसण्याची सवय राहिली नव्हती. इथे मी जरा थांबले. भाची काहीच बोलली नाही, नुसती जवळ सरकली.

वाचताना इंग्रजी वाक्य बघायचं आणि मराठीत सांगायचं, शब्दाला शब्द लावत बसायचं नाही. डोरोथीचे सोबती म्हणजे बुजगावणं, टिनचा लाकूडतोड्या, भित्रा सिंह, एवढं झालं की गाडी आपोआप चालते.

मग खुणा केलेल्या जागा. खसखशीच्या शेतात सिंह झोपून जातो तेव्हा पिक्चरमध्ये बर्फ पडतो आणि काम भागतं. पुस्तकात लाकूडतोड्याने उंदरांच्या राणीला रानमांजरापासून वाचवलेलं असतं, म्हणून तिचे हजारो उंदीर येतात, त्यांना दोऱ्या बांधतात आणि ते सिंहाला गाड्यावर घालून ओढत बाहेर काढतात. पोरं हे पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. जादूगाराला चौघं एकेकटे भेटतात आणि प्रत्येकाला तो वेगळा दिसतो, डोरोथीला भलंमोठं डोकं, बुजगावण्याला सुंदर बाई, लाकूडतोड्याला भयंकर जनावर, सिंहाला आगीचा गोळा. डोरोथीची भेट झाली की पुस्तक मिटा आणि विचारा, आता पुढच्याला काय दिसेल?

आणि जादूगाराच्या गावाचे, पाचूनगरीचे चष्मे! गावात शिरताना प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून कुलूप लावतात, टोटो कुत्र्यालासुद्धा. नंतर गावाबाहेर पडल्यावर डोरोथीचा हिरवा झगा पांढरा दिसतो, टोटोच्या गळ्यातली रिबीनही पांढरी. ही ओळ वाचून झाली की कृपा करून काहीही समजावू नका. भाचीला तीन रात्रींनी, दात घासताना कळलं की हिरवेपणा चष्म्याचाच, धावत सांगायला आली. जादूगार स्वतः कबूल करतो ते अजून वाचायचं होतं.

एक काळजी घ्या, लाकूडतोड्याची जुनी गोष्ट लहान पोरांना जड जाते, मंतरलेली कुऱ्हाड त्याचा एकेक अवयव तोडत जाते आणि तिथे टिनचा बसवत जातात. फार लहान मूल असेल तर ते थोडक्यात सांगा.

ऑझ झालं की पुढे पोराच्या स्वभावाप्रमाणे. कोलोदीचा 'पिनोकियो' १८८१ पासून मुलांच्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने छापला गेला, त्यामुळे रोज रात्री एक चाप्टर अगदी फिट बसतो. फक्त तयारीत राहा, पिक्चरमधला तो गोड किडा पुस्तकात चौथ्याच चाप्टरमध्ये हातोडा लागून मरतो. 'मेरी पॉपिन्स' (१९३४) मधल्या बाई कडक आणि आत्मप्रौढ आहेत, गाणीबिणी नाहीत, म्हणून सुरुवातीपासून न वाचता जुळ्या बाळांच्या चाप्टरपासून वाचा. त्या बाळांना साळुंकीसारख्या पक्ष्याचं बोलणं कळत असतं आणि दात आल्यावर ते सगळं विसरतात, मला तरी तो चाप्टर वाचताना घसा दाटून येतो. जुनी आवृत्ती असेल तर 'बॅड ट्यूसडे' हा चाप्टर आधी बघून घ्या, त्यातली परक्या लोकांची चित्रणं लेखिकेने १९८१ मध्ये बदलली.

'जंगल बुक' आपल्या पोरांना सगळ्यात लवकर लागतं, भालू, हाथी, बंदर हे शब्द घरचेच आणि गोष्ट घडते ते सिवनी म्हणजे पेंचच्या पलीकडे, नागपूरहून जवळच. पिक्चरमधला 'का' नावाचा दुष्ट अजगर पुस्तकात मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवायला येतो, तिथूनच सुरू करा.

मोठ्या मुलांना मिखाएल एंडेचं 'नेव्हरएंडिंग स्टोरी' द्या. १९८४ चा पिक्चर साधारण अर्ध्या पुस्तकावर थांबतो. खरी कथा त्यानंतर, मुलाची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येक इच्छेमागे त्याची एक आठवण जाते. दोन रंगांच्या शाईत छापलेली प्रतच घ्या, कुठलं जग चाललंय ते त्यावरून कळतं.

पिक्चर पुन्हा लावायचा तो पुस्तक संपल्यावर. आणि ऑझचे शेवटचे दोन चाप्टर एकाच रात्री वाचा, शेवटचा अगदी काही ओळींचाच आहे. डोरोथी परत येते, पायात नुसते मोजे, बूट वाळवंटात पडून गेलेत, काका गोठ्यात धार काढतोय, आणि समोर नवीन घर उभं आहे. पिक्चरमध्ये शेवटी सगळं स्वप्न निघतं, म्हणून इथे थांबा आणि विचारा, स्वप्नच होतं तर काकाला नवीन घर का बांधावं लागलं?