१ = २ ची ‘सिद्धता’ आली तर चूक नेमकी कुठल्या ओळीत ते कसं शोधायचं

१ = २ किंवा ४ = ५ सिद्ध करणारं काहीतरी दर थोड्या दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि लोक एकतर पुढे ढकलतात नाहीतर “शून्याने भागलं असेल कुठेतरी” म्हणून सोडून देतात. पण उत्तर चुकीचं आहे हे तर सगळ्यांनाच माहितीये, ओळ कुठली चुकली त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे, आणि शाळेतल्या पोरांना तर हे आवर्जून करायला द्यावं असं मला मनापासून वाटतं.

पहिली युक्ती एकदम साधी. अक्षरांच्या जागी खरे आकडे टाका आणि एकेक ओळ तपासत खाली या. वरची ओळ खरी आणि तिच्या खालची खोटी निघाली की चूक त्या दोघींच्या मधे.

नेहमीचंच घ्या: अ = ब. दोन्ही बाजूंना अ ने गुणलं, अ² = अब. मग ब² वजा केला, अ² − ब² = अब − ब². अवयव पाडले, (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). (अ − ब) उडवलं, अ + ब = ब, म्हणजे २ब = ब, म्हणजे २ = १. आता अ आणि ब दोन्ही ३ धरा. ९ = ९ बरोबर, ० = ० बरोबर, ६ × ० = ३ × ० हेही बरोबर, आणि पुढच्या ओळीत ६ = ३. सापडली! “उडवलं” म्हणजे खरंतर भागलं, आणि भागलं ते शून्याने.

यात कोणी फसलं तर कमीपणा वाटून घेऊ नये कारण शून्याने मोठमोठ्यांना त्रास दिलाय. ब्रह्मगुप्ताने ६२८ मधे ० ÷ ० = ० असं लिहिलं, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) असा नियम आहे की संख्येला शून्याने गुणून परत शून्याने भागलं तर ती संख्या तशीच राहते. आजच्या नियमांत हे चालत नाही, चालवलं तर वरचं ६ = ३ पण मान्य करावं लागेल.

शून्य दिसत नसेल तर वर्गमूळ बघा. १६ − ३६ = २५ − ४५, दोन्हीकडे ८१/४ मिळवलं की (४ − ९/२)² = (५ − ९/२)², वर्गमूळ घेतलं की ४ = ५. कंसाच्या आतलं काढून बघा ना, एकीकडे −०.५ आणि दुसरीकडे ०.५. वर्ग सारखे आहेत, संख्या नाहीत.

भूमितीत आकडे टाकता येत नाहीत असं वाटतं पण तिथेही टाकायचे, फक्त पट्टी आणि कंपास घेऊन. “प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो” ही सिद्धता मला सगळ्यात आवडते कारण तिच्यातली वाक्यं जवळजवळ सगळी खरी आहेत, खोटी आहे ती आकृती. कोन अ चा दुभाजक आणि समोरच्या बाजू बक चा लंबदुभाजक त्रिकोणाच्या आत भेटतात असं हाताने काढून दाखवतात, मग त्या बिंदूपासून अब आणि अक वर लंब टाकतात, एकरूप त्रिकोण मिळतात, तुकड्यांची बेरीज करतात आणि अब = अक. आता अब ५ सेमी, अक ७ सेमी, बक ६ सेमी घेऊन नीट काढा. तो बिंदू त्रिकोणाच्या बाहेर पडतो! दोन्ही लंबांचे पाय अ पासून ६ सेमीवर येतात, एक अक च्या आत आणि दुसरा अब च्या पुढे वाढवलेल्या रेषेवर. म्हणजे एकीकडे ६ + १ = ७ आणि दुसरीकडे ६ − १ = ५, आणि सिद्धतेत दोन्हीकडे बेरीजच केलेली असते.

इंडक्शन असेल (१ साठी खरं, आणि एका संख्येवरून पुढच्या संख्येवर जाता येतं, म्हणून सगळ्यांसाठी खरं, ही पद्धत) तर अगदी पहिली उडी तपासा, १ वरून २ वर जाताना युक्तिवाद टिकतो का. “सगळ्या गाई एकाच रंगाच्या” मधे एकदा पहिली आणि एकदा शेवटची गाय बाजूला ठेवून दोन गट करतात आणि दोन्हीत सामाईक असलेल्या गाईमुळे रंग जुळतो म्हणतात, पण गाई दोनच असल्या तर सामाईक गाय उरतच नाही.

आणि वेळ लागला तर लागू द्या. केम्पे या गणितज्ञांनी १८७९ मधे कुठलाही नकाशा, शेजारचे भाग वेगळ्या रंगांचे ठेवून, चार रंगांत रंगवता येतो याची सिद्धता छापली, ती ११ वर्षं मान्य होती, १८९० मधे हीवुड यांनी चूक दाखवली. केम्पे यांनी दोन ठिकाणचे रंग एकाच वेळी अदलाबदल केले होते, सुटं सुटं बघितलं तर दोन्ही चालतं पण एकामुळे दुसरं बिघडू शकतं. तरी त्यांची पद्धत वाया गेली नाही, तीच वापरून हीवुड यांनी पाच रंग पुरतात हे सिद्ध केलं.

आता एक तुमच्यासाठी. क्ष² + क्ष + १ = ०, म्हणून क्ष + १ = −क्ष². मूळ समीकरणाला क्ष ने भागा (क्ष शून्य नाही, तपासलंय), क्ष + १ + १/क्ष = ०. यात क्ष + १ च्या जागी −क्ष² टाका, क्ष³ = १ येतं, म्हणून क्ष = १, आणि पहिल्या ओळीत टाकलं की ३ = ०. इथे ना शून्याने भागलंय ना वर्गमूळ घेतलंय. प्रत्येक ओळीवरून उलटं वर चढता येतं का ते बघा.