इंग्लंडमध्ये रेल्वेने फिरताय? फोटो काढताना या चुका टाळा

इंग्लंडहून परतलेल्या मंडळींच्या अल्बममध्ये रेल्वेचे म्हणून जे फोटो असतात, त्यात हिरव्या कुरणावर तरंगणारा बाबांचा चष्मा असतो, आईच्या पिवळ्या ड्रेसची सावली असते आणि कोपऱ्यात डब्यातल्या दिव्याची एक रेघ. दोष मोबाइलला दिला जातो. मोबाइल बिचारा ठीकच असतो. रेल्वेचा फोटो बऱ्याच अंशी तिकीट काढतानाच बनतो किंवा बिघडतो: कोणत्या बाजूला बसायचं, किती वाजताची गाडी धरायची आणि मधे कुठे उतरायचं. ही तीन उत्तरं घरीच शोधलीत तर अर्ध्या चुका तिथेच टळतात.

खिडकी मिळाली, पण भलत्या बाजूची

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्क, डरहॅम, न्यूकॅसलमार्गे एडिनबरोला जाणारी लाइन घ्या. उत्तरेकडे जाताना उजवीकडे बसायचं. डरहॅम स्टेशनच्या अगदी अलीकडे गाडी उंच पुलावरून जाते आणि घरांच्या छपरांवर टेकडीवरचं कॅथेड्रल आणि किल्ला उजवीकडे दिसतो. स्टेशनवर थांबणारी गाडी तिथे वेग कमी करते, त्यामुळे हा फोटो सोपा. पुढे न्यूकॅसलला टाइन नदीवरचे एकामागोमाग एक पूल उजवीकडेच, आणि नॉर्थम्बरलँडचा समुद्रही उजवीकडेच. बेरिकच्या आधी ट्वीड नदीवरचा २८ कमानींचा रॉयल बॉर्डर ब्रिज लागतो, १८५० साली राणी व्हिक्टोरियाने उद्घाटन केलेला. डावीकडे बसलेल्याला या सगळ्या वेळात शेतं आणि मेंढ्या. मेंढ्याही छानच असतात, पण त्यासाठी एवढं लांब कशाला जायचं?

लंडन पॅडिंग्टनहून प्लिमथ-कॉर्नवॉलकडे निघालात तर उलट, डावीकडे. एक्झिटर सुटलं की आधी एक्स नदीची खाडी आणि मग डॉलिश, जिथे रूळ आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त एक भिंत आहे. सेंट अर्थ ते सेंट आइव्हज ही छोटी शाखा पकडलीत तर जाताना पुन्हा उजवीकडे.

रिझर्व्हेशनवर 'विंडो' लिहिलंय म्हणजे काच मिळेलच असंही नाही. डब्याच्या खिडक्या आणि सीटांच्या रांगा दरवेळी जुळत नाहीत. कित्येकदा बाजूला निव्वळ भिंत येते. समोरासमोरच्या चार सीटा आणि मधे टेबल अशी जागा मिळाली तर बहुधा काच पूर्ण मिळते. त्यातही गाडीच्या दिशेला तोंड असलेली सीट घ्या. काय येतंय ते आधी दिसतं. पाठमोरं बसलं की पूल येऊन गेल्यावर कळतो.

गाडीत बसून गाडीचा फोटो काढायला बघणं

या चुकीपायी सगळ्यात जास्त हिरमोड होतो. यॉर्कशरमधला रिबलहेड व्हायाडक्ट बघायचा म्हणून लोक लीड्सहून कार्लाइलची गाडी धरतात, २४ कमानींच्या त्या पुलावरून जातात आणि त्यांच्या हाती लागते फक्त पलीकडची टेकडी. पुलावर असताना पूल दिसणार कसा? तो खालून बघायचा असतो. रिबलहेड नावाचंच छोटं स्टेशन पुलाच्या अलीकडे आहे. तिथे उतरून थोडं चाललं की तुम्ही कमानींच्या पायथ्याशी. तिथून पुढची गाडी पुलावर येईपर्यंत थांबायचं. या लाइनवर गाड्या विरळ आहेत, त्यामुळे उतरण्याआधी परतीची गाडी बघून ठेवा आणि बरोबर खायला घ्या. वारा सुटलेला असतोच.

उतरण्याचं गणित तिकिटावरही अवलंबून असतं. स्वस्तात मिळणारं ॲडव्हान्स तिकीट त्याच गाडीचं असतं. मधे उतरून फोटो काढून पुढची गाडी धरता येत नाही. ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून) किंवा एनीटाइम (कधीही चालणाऱ्या) तिकिटावर मधे उतरायची मुभा साधारणपणे असते. दोन-तीन ठिकाणी उतरत फिरायचं असेल तर परदेशी पर्यटकांसाठीचा ब्रिटरेल पास परवडतो का ते निघण्याआधीच पाहा.

डॉलिशला याच गोष्टीचा दुसरा भाग दिसतो. किनारा पूर्व-आग्नेयेकडे तोंड करून आहे. सकाळी गाडीतून समुद्राकडे बघाल तर सूर्य थेट डोळ्यांत, पाणी पांढरंफटक. दुपारनंतर सूर्य तुमच्या मागे जातो, समुद्र निळा दिसतो आणि तांबड्या मातीचे कडे खुलतात. समुद्रालगतच्या भिंतीवर उभं राहून गाडीचा फोटो काढायचा असेल तर मात्र सकाळच बरी, कारण ऊन गाडीच्या अंगावर पडतं. म्हणजे दुपारच्या गाडीने जायचं, डॉलिशला थांबणारी लोकल धरायची, रात्री तिथेच राहायचं आणि सकाळी भिंतीवर फेरफटका. भिंत साधी समजू नका: ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेला हा मार्ग १८४६ सालचा, आणि फेब्रुवारी २०१४ च्या वादळात भिंतीचा तुकडा वाहून जाऊन रूळ हवेत लटकले होते. डॉलिश ते टिनमथ यादरम्यान बोगद्यांची रांग आहे. बोगद्यातल्या अंधाराला मोबाइल जुळवून घेतो आणि बाहेर पडताच पहिला फोटो पार पांढरा येतो. बोगद्याआधी बाहेरच्या उजेडावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, लॉक होईल.

आणि 'हॅरी पॉटरचा पूल' म्हणून जो सगळ्यांना हवा असतो, तो २१ कमानींचा ग्लेनफिनन व्हायाडक्ट इंग्लंडमध्ये नाही, स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगराळ भागात आहे. लंडनहून एका दिवसात जाऊन येऊ म्हणणाऱ्यांनी आधी नकाशा उघडावा.

काचेशी भांडण

आता मोबाइलकडे येऊ. तिथल्या नव्या गाड्यांच्या खिडक्या उघडत नाहीत, तेव्हा काचेतूनच काढायचं आहे.

प्रतिबिंब येतं ते डब्यातल्या उजेडाचं आणि तुमच्याच कपड्यांचं. त्या दिवशी गडद रंगाचं काहीतरी घाला. लेन्स काचेच्या जितकी जवळ तितकं प्रतिबिंब कमी. मोबाइलभोवती काळं जॅकेट किंवा ओढणी धरली तर जवळजवळ नाहीसंच होतं. मोबाइल काचेवर गच्च दाबू मात्र नका, काच थरथरत असते आणि ती थरथर फोटोत उतरते. मधे एक बोट ठेवा. टेबलावरची चिवड्याची चकचकीत पिशवी आणि पांढरा कागदी कपही बाजूला सरकवा. खालच्या कोपऱ्यात जो पांढरा डाग येतो तो बहुतेक त्यांचाच असतो.

कॅमेरावाल्यांची एक खास चूक म्हणजे प्रतिबिंब घालवायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावणं. कडक केलेल्या काचेतून पोलरायझर वापरला की आकाशात इंद्रधनुषी पट्टे उमटतात, आणि ते नंतर निघत नाहीत. काढून ठेवा. लेन्सला रबरी हुड लावा, तो जास्त उपयोगी.

फोटो हलला? शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. तरीही रुळालगतची झुडपं पुसलेलीच येणार, कारण ती सर्रकन मागे जातात. डोळा आणि फोकस लांबच्या गोष्टीवर ठेवा: चर्चचा मनोरा, टेकडीवरची दगडी कुंपणं, नदीचं वळण. ऑटोफोकस काचेवरच्या पावसाच्या थेंबांवर अडकत असेल तर फोकस लांबवर लॉक करा. खांब तिरके आले तर कॅमेरा बिघडलेला नाही. मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, तेवढ्यात खांब पुढे सरकतो. जवळचे खांब टाळणं एवढाच उपाय. क्षितिज कललेलं दिसलं आणि तुम्ही लंडनच्या युस्टन स्टेशनहून निघालेल्या पेंडोलिनो गाडीत असाल, तर गाडीच वळणावर कलते. घरी आल्यावर सरळ करून घ्या.

प्लॅटफॉर्मवर

स्वतःसाठी फोटो काढायला तिथल्या स्टेशनांवर सर्रास परवानगी असते, पण फ्लॅश नाही म्हणजे नाही. ड्रायव्हरचे डोळे दिपतात. ट्रायपॉड पिवळ्या रेषेच्या मागेच, आणि गर्दीच्या स्टेशनवर तो लावू देतीलच असं नाही. सेल्फी स्टिक वर करताना डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आहे का ते पाहा; दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच भागात वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून जाते. रुळांवर उतरून फोटो काढलात तर १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्याकडे लोकलच्या दारात उभं राहायची सवय असते. वाफेच्या इंजिनाच्या जुन्या गाड्यांत अजून खाली सरकणाऱ्या खिडक्या मिळतात, तिथे ही सवय उफाळून येते. डिसेंबर २०१८ मध्ये बाथजवळ चालत्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलेल्या प्रवासी तरुणीला झाडाची फांदी लागली आणि ती दगावली. कॅमेरा, हात, डोकं सगळं आतच.

गाडीच्या पुढच्या पाटीवरचं गावाचं नाव फोटोत अर्धवट येतं, अशी तक्रार हमखास असते. त्या पाट्या एलइडीच्या असतात आणि डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने उघडझाप करतात. शटर १/१०० च्या आसपास आणा, अक्षरं पूर्ण येतील. अर्थात गाडी उभी असताना.

वाफेच्या गाडीबद्दल आणखी एक. नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वेवर लोक उन्हाळ्याच्या दुपारी जातात आणि 'धूर फार नव्हता' म्हणून नाराज होतात. पांढरे लोट दिसतात ते थंड हवेत वाफेचे बारीक थेंब होऊन. गरम कोरड्या हवेत ती विरून जाते. सकाळची पहिली गाडी बघा. जागाही चढाची निवडा. ग्रॉसमाँटहून गोथलँडकडे १:४९ चा (४९ मीटरला एक मीटर) चढ आहे, तिथे इंजिनाला जोर लावावा लागतो. उतरणीवर तेच इंजिन निवांत घरंगळत येतं, धुराचं नाव नाही.

ऊन, ढग आणि हॉटेलवर लवकर परतणं

मेच्या मध्यात मुंबईत दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. लंडनमध्ये भर जूनमध्येही तो ६२ अंशांच्या वर चढत नाही आणि डिसेंबरात दुपारी जेमतेम १५ अंशांवर असतो. म्हणजे दुपारचं ऊन वाईट हा आपला नियम तिथे तेवढा लागू नाही. कोणती बाजू उजेडात आहे हे महत्त्वाचं. पार्लमेंट आणि बिग बेन नदीपलीकडून काढायचे तर सकाळी, कारण तुम्ही पश्चिमेकडे बघत असता. संध्याकाळी त्यांची काळी आकृती मिळते. टॉवर ब्रिज मात्र संध्याकाळी, पश्चिमेच्या बाजूने. अल्बममध्ये त्याला 'लंडन ब्रिज' असं नाव हमखास पडतं. खरा लंडन ब्रिज म्हणजे शेजारचा साधासुधा पूल, आणि टॉवर ब्रिजचा फोटो काढायला तोच उत्तम.

मे अखेरीस लंडनला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. टूरवाले सातला जेवायला घालून हॉटेलवर सोडतात, आणि दिवसातला सर्वांत चांगला उजेड खोलीत पडदे ओढून वाया जातो. लेकीकडे राहायला गेला असाल तर जेवण मागे-पुढे करता येईल. टूरमध्ये असाल तर जेवून पुन्हा बाहेर पडा.

ढगाळ दिवशी आकाश कमीत कमी घ्या किंवा सरळ स्टेशनात शिरा. सेंट पँक्रासची १८६८ सालची शेड एका दमात ७३ मीटर रुंदी झाकते. तिच्यापुढचं लाल विटांचं हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने उभारलं, ज्याने आपल्या मुंबईचा राजाबाई टॉवर आखला. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले की नातं दिसतं. यॉर्कचं वळणदार छताचं स्टेशन १८७७ चं; तिथून चालत गेलं की नॅशनल रेल्वे म्युझियम, प्रवेश मोफत. तिथल्या वाफेच्या निळ्या इंजिनाने, 'मॅलर्ड'ने, १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा वेग गाठला होता. सगळे जण वाइड लेन्सने तिचं नाक काढतात आणि ते फुगलेलं येतं. दोन पावलं मागे जा, किंवा फक्त चाकं आणि नावाची पाटी घ्या.

टॉवर ऑफ लंडनमध्ये राजमुकुटांच्या दालनात फोटोला मनाई आहे. तिथे मोबाइल खिशात.

घरी आल्यावर कळणारी चूक

मोबाइल विमानातून उतरताच वेळ बदलतो, कॅमेरा बदलत नाही. मग दोघांचे फोटो एकत्र केले की संध्याकाळी आठचा टॉवर ब्रिज कॅमेऱ्याच्या हिशोबाने रात्री साडेबाराला, दुसऱ्या दिवशी जातो. भारत आणि लंडनमधला फरक उन्हाळ्यात साडेचार तासांचा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच. फोटो सांभाळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फोटोंची वेळ एकदम मागे सरकवता येते. कॅमेऱ्यात 'लंडन' निवडलं तरी समर टाइमचा (उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात त्याचा) पर्याय वेगळा चालू करावा लागतो, आणि तो राहिला की नेमका एक तास चुकतो. फरक किती हे नंतर आठवत बसण्यापेक्षा पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याने स्टेशनवरच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा; काट्यांवरची वेळ आणि फाइलवरची वेळ यांची वजाबाकी केली की काम झालं.