पीओएस लिहिताय? रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका

छोट्या दुकानांसाठी मुक्तस्रोत पीओएस (पॉइंट ऑफ सेल, म्हणजे गल्ल्यावर बिल करणारा प्रोग्रॅम) लिहायला बसलात, की किंमत फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्या बऱ्याचदा अंदाजेच साठवणाऱ्या प्रकारात, ठेवायचा मोह होतोच. पायथनमध्ये ०.१ + ०.२ करून बघा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. एका बिलात हे खुपत नाही. पण गोळाबेरीज करताना एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पूर्णांकित (राउंड) होते, रात्री हिशेब जुळत नाही, आणि संशय प्रोग्रॅमवर नाही, गल्ल्यावरच्या माणसावर येतो.

म्हणून रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून साठवा: १२.५० ऐवजी १२५०. दशांशचिन्ह फक्त पडद्यावर आणि छापील बिलावर.

खरी गोम करात आहे. तीन ओळींवर प्रत्येकी ०.४ एकक कर लागला, तर ओळीगणिक पूर्णांकित केल्यावर कर शून्य. एकूण रकमेवर केल्यावर १. यातली कोणती पद्धत हे तिथल्या करनियमानुसार ठरवा आणि तो हिशेब एकाच फंक्शनमध्ये ठेवा. बिलासाठी एक आणि अहवालासाठी दुसरा कोड लिहिलात, तर दोन्हींची भांडणं सोडवत बसाल.

बिलाच्या ओळीत वस्तूचा नुसता आयडी ठेवू नका. विक्रीच्या वेळची किंमत, नाव आणि कराचा दरही तिथेच लिहून ठेवा. नाहीतर आज भाव बदलला की मागच्या महिन्याची बिलंही बदलतात. चुकलेलं बिल डिलीट करायचं बटण तर देऊच नका (मागणी हमखास येईल). ते रद्द म्हणून नोंदवा, क्रमांक तसाच राहू द्या.