छोट्या मंचासाठी पिनस्पॉट : कुठे लावावेत, कधी पेटवावेत

पिनस्पॉट म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढ्या डब्यातला, अतिशय अरुंद झोताचा दिवा. जुन्या पद्धतीच्या पिनस्पॉटमध्ये पार-३६ आकाराचा (पार म्हणजे आतच परावर्तक असलेला बल्ब), ६ व्होल्ट आणि ३० वॅटचा बल्ब असतो व त्याचा झोत साधारण ५ अंशांचा असतो. आता कमी वॅटचे एलईडी प्रकारही सर्रास मिळतात. मंचावरच्या नेहमीच्या मोठ्या पार-६४ चा एकच दिवा १००० वॅटपर्यंत खातो, तर असे आठ पिनस्पॉट मिळून २४० वॅटच्या आसपास भागते, त्यामुळे महाविद्यालयाच्या सभागृहातल्या साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटवरही ते चालतात. तरीही बहुतेक बँड हे दिवे मिरर बॉलवर (आरशांचे तुकडे चिकटवलेल्या फिरत्या गोळ्यावर) रोखून मोकळे होतात आणि बाकीच्या कार्यक्रमात ते नुसतेच टांगलेले राहतात.

त्यांचा खरा उपयोग करायचा असेल, तर पहिला निर्णय दिव्यांचा नसून अंधाराचा असतो. समोरून पार लाइटचा भडिमार चालू असताना ३० वॅटचा झोत कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून गाण्यांच्या यादीतली दोन-तीन गाणी निवडावीत आणि त्यांच्यापुरता समोरचा प्रकाश जवळजवळ शून्यावर आणावा. स्नेहसंमेलनांत पहिल्या गाण्यापासून सगळे दिवे एकदम लुकलुकवण्याची जी हौस असते, ती येथे आवरावीच लागते.

वर्तुळ केवढे पडेल, याचा अंदाज सोपा आहे : अंतराच्या मीटरला ९ ने गुणले की व्यास सेंटिमीटरमध्ये मिळतो. ३ मीटरवरून सुमारे २७ सेंटिमीटरचे वर्तुळ पडते, म्हणजे एक चेहरा किंवा गिटारवरचा एक हात; ६ मीटरवरून ते ५४ सेंटिमीटरचे होते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या मिरर बॉलसाठी दिवा साडेतीन मीटरवर ठेवला, तर गोळा पुरता उजळतो आणि प्रकाश फारसा वाया जात नाही.

सर्वांत जास्त फळ ड्रमसेटवर मिळते. दोन पिनस्पॉट ड्रमरच्या मागे, जमिनीजवळ, डावी-उजवीकडे ठेवून सिंबलच्या (धातूच्या झांजेच्या) खालच्या बाजूवर तिरके रोखावेत. काठीचा फटका बसला की सिंबल हेलकावतो आणि त्याच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश मंचाच्या जमिनीवर, भिंतीच्या खालच्या भागावर थरथरतो. ताल आपोआप दिसू लागतो आणि त्यासाठी कोणताही प्रोग्राम लिहावा लागत नाही. ड्रमरला मागून उजेड मिळाल्याने त्याची बाह्यरेषाही उठून दिसते. तबला असेल तर मात्र झोत मागच्या बाजूने, उंचावरून, थोडा आडवा सोडावा : शाई प्रकाश शोषून घेते, तिच्यावर फिरणारी बोटे उजळतात, आणि वादकाच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही.

गायकासाठी एकच पिनस्पॉट डोक्याच्या किंचित पुढे, जवळजवळ सरळ वरून लावावा. डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, म्हणून हा प्रकाश संथ, एकट्या आवाजाच्या कडव्यालाच शोभतो. संपूर्ण गाणे असेच ठेवले तर श्रोते चेहरा शोधत बसतात. हाच दिवा गायक येण्याआधी रिकाम्या माइकवर पेटवून ठेवणे हा जुनाच, पण अजूनही काम करणारा प्रयोग आहे.

दिवे कमी असतील तर आरसे वापरावेत. प्रत्येकी ८ सेंटिमीटरचे चार चौकोनी आरसे एका फळीवर वेगवेगळ्या कोनांत चिकटवून फळी ३ मीटरवर ठेवली, की एका झोताचे चार झोत होतात. आरसा ५ अंशांनी वळवला तर झोत १० अंशांनी सरकतो, त्यामुळे जुळवणी अगदी हळू करावी आणि एकही झोत पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जात नाही याची खात्री करावी. आरशांच्या कडांना टेप लावणे विसरू नये.

हवेतला झोत दिसण्यासाठी विरळ धूर लागतो, आणि त्यासाठी फॉग मशीनच्या जाड लोटांपेक्षा हेझर (हवेत पातळ, एकसारखे धुके पसरवणारे यंत्र) चांगला. नाट्यगृहात आगीची सूचना देणारी यंत्रणा असते, म्हणून व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी; उघड्या मैदानावर वारा धूर टिकू देत नाही, तेथे झोतांवर विसंबू नये.

जुन्या पिनस्पॉटमध्ये ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे साध्या डिमरवर (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) ते गुणगुणतात किंवा लुकलुकतात, आणि डिमरचा आवाज गिटारच्या पिकअपमधून थेट स्पीकरपर्यंत पोहोचू शकतो. ध्वनी आणि प्रकाश यांना वेगवेगळ्या सर्किटवरून वीज द्यावी, तारा एकमेकींना समांतर न नेता काटकोनात ओलांडाव्यात. टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी सुरक्षा-साखळी असावी. बल्बचा दिवा पडद्याच्या कापडापासून दूर ठेवावा, आणि जिलेटीन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक पडदा) उष्णतेने वितळणारे नसावे.

एलईडी पिनस्पॉट घेतले असतील, तर तालमीतच ते निम्म्या प्रकाशावर आणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावेत. डोळ्यांना स्थिर वाटणारा दिवा चित्रणात पट्टे उमटवू शकतो; तसे झाले तर त्या दिव्याला मंद करण्याच्या भानगडीत न पडता तो पूर्ण पेटवावा किंवा पूर्ण बंद ठेवावा.